प्लासिडदादाचा दुसरा कप्पा

आमच्या वटारला पाहुणा आला की लोक त्याला चर्च दाखवतात, वाडी दाखवतात, फार तर बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावर उभं करून फोटो काढतात. माझा मोठा भाऊ प्लासिड पाहुण्याला आधी आपला संडास दाखवायचा. चहा नंतर.

मी त्याची बहीण, शेजारच्याच घरात एकटी राहते, आणि त्याचं कौतुक करण्याची मला सवय नाही. तरी कबूल करते, संडास बघण्यासारखा होता. चार पायऱ्या चढून वर जायचं. आत शेजारी शेजारी दोन बैठका, खाली विटांचे दोन कप्पे. एक कप्पा चालू, दुसरा फरशीने झाकून वर्षभर बंद. पाणी ओतायचं नाही. लघवी पुढच्या खाचेतून वेगळ्या कॅनमध्ये जायची, बाकीचं खाली, आणि वरून प्रत्येकाने दोन ओंजळी राख नि लाकडाचा भुसा टाकायचा. वर्षाने मागची फळी काढली की आत काळीभोर भुसभुशीत माती. दादा ती मुठीत घ्यायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचा आणि पाहुण्यापुढे मूठ धरून म्हणायचा, "हुंग." पाहुणा दोन पावलं मागे. मीसुद्धा हा संडास बांधल्यापासूनच्या बारा वर्षांत एकदाही हुंगलं नाही.

हे खूळ उगाच आलेलं नव्हतं. समुद्राकाठच्या आमच्या या पश्चिम पट्ट्यात कमरेएवढं खणलं की पाणी लागतं. जुन्या संडासाचा शोषखड्डा त्याच पाण्यात उभा होता आणि तिथून पंधरा पावलांवर आमची पिण्याची विहीर. आईला शेवटच्या वर्षी तीनदा जुलाब झाले, तिसऱ्यांदा ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. दादा विहिरीचं पाणी बाटलीत भरून तपासायला घेऊन गेला, कागद घेऊन आला, ओट्यावर बसून दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शोषखड्डा बुजवत होता. तेव्हापासून मैल्याचा एक थेंब पाण्याला लागू द्यायचा नाही, हा त्याचा नेम.

माणूस पोस्टातून निवृत्त झालेला. तारखेवर त्याची भलती श्रद्धा. ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सेला जायचं, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन यायचं आणि तसंच कपाळ घेऊन जुना कप्पा उपसायचा, भरलेला बंद करायचा, फरशीवर खडूने तारीख घालायची. गावातले लोक चिडवायचे, "प्लासिड, फादरने कपालावर राख लावली, तू खाली लाव!" तो हसायचा. पण खताचा नियम कडक होता. केळीला घालायचं, नारळाला घालायचं. जे कच्चं खातात त्याला अजिबात नाही. त्याची बायको सुझान एकदा कोथिंबिरीच्या वाफ्यात घमेलं घेऊन चालली होती, तर तिच्या हातातून त्याने ते ओढून घेतलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता माझं सांगते. सांगायला नको वाटतं, म्हणूनच आधी सांगते.

जानेवारीत दादाच्या मुलाचं, मेलरॉयचं लग्न झालं. दोन दिवस वाडीत मांडव. बायकांची व्यवस्था माझ्याकडे, कारण छत्तीस वर्षं शाळेत पोरींच्या रांगा लावण्यात गेली, हे सगळ्यांना माहीत. दुपारी संडासासमोर वीस बायका उभ्या. नवरीकडच्या म्हाताऱ्या, भरजरी साड्या, दागिने, आणि आत बसायला जागा एकच. एक मावशी तर पोट धरून पायरीवरच बसली. मला शरमेने मेल्यासारखं झालं. दादा मांडवात पाहुण्यांत अडकलेला. मी आत गेले, दुसऱ्या कप्प्यावरची फरशी उचलून भिंतीला टेकवली आणि बाहेर येऊन म्हटलं, "दोघी दोघी चला."

दोन दिवस ती बैठक चालली. लग्न उरकल्यावर मी चार घमेली राख आत ओतली आणि फरशी जागेवर बसवली. वर खडूची तारीख गेल्या वर्षीची, जशीच्या तशी. माझ्या मनाला काहीही टोचलं नाही. वर्षभराच्या ढिगावर दोन दिवसांचं ते काय, असं वाटलं. दादाला सांगायचं माझ्या ध्यानातही राहिलं नाही.

तीन आठवड्यांनी राखेचा बुधवार आला आणि दादाने तो कप्पा उपसला.

मार्चच्या पहिल्या रविवारी दादाची मुलगी कॅरल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना. चार वर्षं वाट बघून, आधी दोनदा गर्भ पडल्यावर राहिलेलं हे मूल, त्यामुळे घरात सगळे तिच्याभोवती हलक्या पावलांनी वावरायचे. तिला डोहाळे लागले होते कच्च्या मुळ्याचे. ओट्यावर पाय पसरून बसायची आणि पांढरा मुळा मीठ लावून कचाकचा खायची. मी एका दुपारी शेजारी बसले होते. दादा समोर उभा राहून तिच्याकडे बघत होता. इतका खूश मी त्याला त्याच्या स्वतःच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"आत्या, घे ना. एवढा गोड मुळा मी मुंबईत खाल्ला नाय कधी."

"गोड असनारच," दादा म्हणाला. "खत कोनाचं हाय? या वर्षी पहिल्यांदा उभ्या मुळ्याला घातलं. बारा वर्षं झाली, आता भ्यायचं कशाला? पुरतं एक वर्ष मुरलंय."

माझ्या हातात मुळ्याचा तुकडा होता. तो मी तसाच पदरात लपवला.

त्या दिवशी भीती बारीक होती. मी स्वतःला समजावलं, माती झाली होती, दादाने हुंगली असेल, त्याला कळलं असतं. खरी भीती त्यानंतरच्या रविवारी आली. मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात सुझान सुनेच्या माहेरची खबर मला सांगत होती. नवरीच्या मावशीला लग्नानंतर आठवड्यातच कावीळ निघाली म्हणे, महिनाभर अंथरुणावर, आता बरी आहे. मी विचारलं, "कुठली मावशी?" सुझान म्हणाली, "अगो, ती नाय का, पोट धरून पायरीवर बसलेली."

मी तिथल्याच बाकावर बसले. सुझानला वाटलं उन्हाने झालं.

सातिवलीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझा जुना विद्यार्थी वेदांत पाणी नि माती तपासण्याचं काम करतो. दुसऱ्या दिवशी मी दादाच्या पोत्यातलं उरलेलं खत नि वाफ्यातली मूठभर माती डब्यात भरून रिक्षाने तिकडे गेले. काय झालं ते त्याला सगळं सांगितलं. विद्यार्थ्यापुढे खाली मान घालून उभं राहायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली. तीन दिवसांनी त्याने बोलावलं.

"बाई, संडासातले जंतू यात भरपूर आहेत. एक वर्ष मुरलेल्या खतात इतके नसतात."

"अरे, पण एक वर्ष बंदच होतं ना? वरचं थोडंसंच नवीन."

"खताचं वय सगळ्यात शेवटी पडलेल्या घाणीपासून मोजायचं, बाई. खालचं वर्षाचं असो नाहीतर दहा वर्षांचं. उपसताना फावड्याने सगळं एकत्र झालं, म्हणजे तुमचं सगळं खत तीन आठवड्यांचं." त्याने डबा बाजूला सरकवला. "हे संडास काम चांगलं करतात. राख, कोरडेपणा आणि वेळ मिळाला की जंतू मरतात. पण घरच्या कप्प्यातला ढीग पुरेसा तापत नाही, म्हणून सगळी मदार वेळेवर. तोच तुम्ही काढून घेतलात."

"आणि कावीळ?"

"तिचा विषाणू आमच्याकडे तपासता येत नाही. आहे म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही. घाणीतून पसरणारी एक कावीळ असते. इतरांना महिनाभर झोपवते आणि उठवते. पण गरोदर बाईला, शेवटच्या तीन महिन्यांत..." मग म्हणाला, "घरात कोण आहे, बाई?"

किती दिवसांत कळतं, एवढंच मी विचारलं. तो म्हणाला, साधारण सहा आठवडे, कधी आठ.

त्या संध्याकाळी उजेड होता तोवर मी दादाच्या वाडीत शिरले आणि मुळ्याचा अख्खा वाफा उपटला. हातांनी. पानं, मुळे, सगळं ओढून काढलं आणि केळीच्या मागे खड्ड्यात टाकून माती लोटली. कॅरल ओट्यावरून ओरडली, "आत्या, काय करतेस?" सुझान धावत आली. दादा आला नि नुसता बघत राहिला.

"किडे लागले होते," मी म्हटलं.

"कुठं हायेत किडे? दाखव."

सांगायची संधी तीच होती. समोर कॅरल उभी, दोन्ही हात पोटाखाली धरून. तिच्यादेखत सांगायचं, की तू दहा दिवस काय खाल्लंस? आणि दादाला, की बारा वर्षं जपलेलं तुझं मी दोन दिवसांत नासवलं? मी हात झटकले आणि घरी गेले. दादाने माझ्याशी बोलणं टाकलं. मला बरंच वाटलं, इतकी मी भेकड.

मग मोजणी सुरू झाली. प्रायश्चित्तकाळ चालू होता. लोक मटण-मासळी सोडतात, मी झोप सोडली होती. रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून दादाच्या ओट्यावर जायचं आणि कॅरलला उन्हात बोलवायचं. "ये गो, तुझी वेणी घालते." वेणी घालताना तिचं डोकं मागे वाकवायचं आणि डोळ्यांतला पांढरा भाग बघायचा. पांढरा असला की त्या दिवसापुरता श्वास. ती म्हणायची, "आत्या, तुझे हात किती थंड." जेवली का, मळमळतं का, लघवीचा रंग कसा, हे विचारून मी तिला हैराण केलं. सुझानला वाटलं, बिनलग्नाच्या बाईला उशिरा माया फुटली. पापनिवेदनाच्या रांगेत मी दोनदा उभी राहिले आणि दोन्ही वेळा माझ्यापुढे एकच बाई उरली असताना निघून आले. फादर काय सांगणार ते मला ठाऊक होतं. जा, भावाला सांग.

ईस्टर आला, गेला. पाच आठवडे झाले. माझा जीव थोडा खाली बसू लागला होता, आणि ईस्टरनंतरच्या गुरुवारी सकाळी सुझानची हाक आली. कॅरलला ताप भरला होता. थंडी वाजत होती, दोनदा उलटी झाली होती.

गाडीत मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तिच्या पापण्या मिटलेल्या. त्या उघडून बघायचं धाडस मला झालं नाही.

इस्पितळात तिला आत नेलं, रक्त घेतलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं? पाणी कुठलं?" सुझान म्हणाली, सगळं घरचं. मी म्हटलं, "कावीळ तपासा. गरोदर बाईला होते ती, घाणीतली." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "ते तपासतोच आहोत. तुम्हाला शंका का आली?" मी म्हटलं, सांगते, आधी तपासा. सुझान आत कॅरलपाशी गेली. बाहेर बाकावर मी आणि दादा. महिन्याभराने प्रथमच शेजारी बसलो होतो.

मी सांगितलं. मावशी, फरशी, दोन दिवस, राख, वेदांत, वाफा. समोरच्या भिंतीकडे बघत एका दमात सांगितलं. तो ओरडेल, मला मारेलसुद्धा, असं वाटलं होतं. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. तो म्हणाला,

"मला वास येत नाय, ॲंजे."

"काय?"

"कोरोनात गेला तो परत आलाच नाय. कायच येत नाय. चार-पाच वर्षं झाली." तो आपल्या तळव्यांकडे बघत होता. "त्या बुधवारी फळी काढली. माती हाताला थोडी ओली लागली. म्हटलं, दव असेल. नाकाला लावली, सवयीने. वास असता तर एका झटक्यात कललं असतं. आनि मी तेच खत मुळ्याला घातलं. पोरीसाठी."

मला आठवलं, गॅसवर दूध करपून घरभर धूर झाला होता आणि हा शेजारी बसून पेपर वाचत होता. मी तेव्हा त्याला बहिरा, आंधळा, काय काय म्हटलं होतं. पाहुण्यांपुढे डोळे मिटून मूठ नाकाला लावायचा तो सगळा देखावा होता, आणि का होता तेही मला कळलं. त्या संडासाचा सगळा भरवसा त्याच्या नाकावर होता. नाक गेलं हे सांगितलं असतं, तर दाखवायला काय उरलं असतं?

दोन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला होता, गरोदरपणात होतो, औषधाने जाईल. यकृत व्यवस्थित. कावीळ नाही. बाळाचे ठोके उत्तम.

मी रडायला लागले. दादा उठून उभा राहिला, डॉक्टरीणबाईंचे आभार मानायला हात जोडले. खिडकीतून दुपारचं ऊन सरळ त्याच्या तोंडावर पडलं होतं. महिनाभर मी एकाच माणसाचे डोळे बघत होते. त्याचे बघायचं मला सुचलंच नव्हतं.

डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

डॉक्टरीणबाईंनीही पाहिलं. त्यांनी त्याला तिथेच बसवलं, खालची पापणी ओढून बघितली. "किती दिवस झाले, काका? लघवी पिवळी होते?"

"आठ दिवस," दादा म्हणाला. कॅन रोज तोच रिकामा करायचा, त्यामुळे घरात कुणालाच दिसलं नव्हतं. "चहासारखी. म्हटलं, सांगितलं तर पोरगी घाबरेल." मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "तिच्याआधी मीच खाल्ला होता गो. वाफ्यातला पहिला मुळा. मला झालं म्हंजे त्यात होतं. आनि तिनेपन खाल्लाय." डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ही कावीळ पाण्यातून, उसाच्या रसातून, कुठूनही येते, नक्की सांगता येत नाही. आम्ही दोघांनी मान हलवली. तिच्या शेवटच्या मुळ्यापासून आठ आठवडे भरायला अजून महिना बाकी होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तो महिना कसा गेला ते मी लिहू शकत नाही. कॅरलला नवऱ्याने मुंबईला नेलं. दादा माझ्या घरी राहिला, ताट वेगळं, तांब्या वेगळा. अंगात उभं राहायची ताकद नसायची, तरी सकाळी आठला भिंतीला धरून बसायचा आणि फोन लावायचा. "डोला दाखव. खालची पापनी ओढ. अजून खाली. खिडकीशी जा." कॅरलला आम्ही सगळं सांगितलं होतं. ती रागावून दोन दिवस बोलली नाही, पण फोन उचलून डोळा दाखवायची. फोन ठेवला की मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसायचे. संडासाचे दोन्ही कप्पे बंद होते. फरशांवर त्याने माझ्याकडून तारीख लिहून घेतली आणि खाली लिहायला लावलं, दोन वर्षं.

मेच्या शेवटी कॅरलला मुलगी झाली. दोघी सुखरूप. जूनमध्ये ती बाळाला घेऊन वटारला आली, तोवर दादाचे डोळे निवळले होते आणि रक्ताचे रिपोर्टही चांगले आले होते. डॉक्टर म्हणाले होते, आता कुणालाच धोका नाही, खुशाल बाळ घ्या.

कॅरल ओट्यावर आली. तिने बाळ पुढे केलं. "घे ना, पप्पा."

दादाने सकाळपासून तीनदा साबणाने हात धुतले होते, मी मोजलं होतं. तो दोन पावलं मागे सरकला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला. "ॲंजेकडे दे," म्हणाला. मी बाळ घेतलं. तो जवळ आला, हात पाठीमागेच ठेवून वाकला आणि तिच्या टाळूशी नाक नेलं. डोळे मिटले. बराच वेळ तसाच वाकून होता.

मग माझ्याकडे बघून विचारलं, "वास कसा येतो गो तिचा? वाईट नाय ना काय?"

मी बाळाची टाळू हुंगली. दुधाचा वास होता, पावडरचा, थोडा घामाचा. मी त्याला तसंच सांगितलं.

"परत बघ," तो म्हणाला. "नीट बघ."

मी परत हुंगलं.